कंदिलवाली मासोळी आणि जावईबापू

मी चांदा जिल्ह्यात मास्तर म्हणून गेलो तेव्हा मालगुजाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या आणि आमची राजधानी अजून नागपूरच होती. चांद्याहून मूल, मूलहून सावली, मग डोंग्यात बसून वैनगंगा ओलांडायची, गडचिरोली गाठायची आणि तिथून पुढे लाकडाच्या रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली तर माझं गाव. धानाची शेती, एक मोठा तलाव, जंगल खात्याचा डेपो आणि आमची मिडल स्कूल, एवढा त्या गावाचा पसारा. सायन्स शिकलेला एकटा मीच असल्यामुळे विज्ञान, आरोग्य, बागकाम आणि शाळेचं बंद पडणारं घड्याळ, ही सगळी खाती माझ्याकडे होती.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी वरच्या ऑफिसातून एक मॅजिक लँटर्न आणि काचेच्या स्लाइडांची पेटी आली. पत्र्याचा डबा, आत रॉकेलची बत्ती, पुढे भिंग आणि वर धुराडं. मधल्या खाचेत काच सरकवली की समोर बांधलेल्या धोतरावर भलंमोठं चित्र उमटायचं. पावसाळ्याआधी लोकांना हिवतापाची माहिती द्यावी, डास कुठे वाढतात ते दाखवावं, असा हुकूम होता. पेटीवर ‘हिवताप’ असं लिहिलेलंही होतं. आत मात्र एकसुद्धा डास नव्हता. आत मासे होते. पहिली काच उजेडाला धरली तेव्हा ती आपण उलटी धरली आहे असं वाटून मी फिरवली, आणि फिरवल्यावरही तसंच वाटलं.

मी पेटी घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. ते पेन्शनीला आलेले, सावध गृहस्थ होते. पेटी परत पाठवली तर वरच्यांची चूक काढल्यासारखं होईल, आणि न दाखवता ठेवली तर कामचुकारपणा होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. आलं आहे ते दाखवा आणि शेवटी डासांबद्दल दोन शब्द बोला, असा त्यांनी मध्यममार्ग काढला.

पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती मी वाचायला घेतली आणि खरं सांगायचं तर तिच्यातच बुडालो. समुद्राच्या तळाशी, जिथे सूर्याचा एक किरणही कधी पोचत नाही, तिथे हे मासे राहतात. पाणी बर्फासारखं थंड, अंधार कायमचा, आणि खायला वरून गळत येईल तेवढंच. अशा जागी एक मादी असते. काळीकुट्ट, वाटोळी, जवळजवळ सगळी तोंडानंच भरलेली. तिच्या कपाळातून एक काडी निघते आणि काडीच्या टोकाला मिणमिणता दिवा असतो. त्या टोकात प्रकाश देणारे सूक्ष्म जंतू मुक्कामाला असतात. उजेड पाहून एखादा जीव चौकशीला आला की तोंड उघडतं, मिटतं, आणि आत वळलेले दात त्याला परत फिरू देत नाहीत. पोट असं ताणतं की स्वतःहून मोठा मासाही त्यात मावतो. तिचं इंग्रजी नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नसतं, म्हणून मी तिला कंदिलवाली मासोळी म्हणायचं ठरवलं.

तिच्या पोटाखाली चित्रात एक चामखिळीसारखी लहानशी गोष्ट चिकटलेली होती. काचेवरचा डाग समजून मी ती धोतराच्या सोग्यानं पुसलीसुद्धा. पुस्तिका वाचल्यावर कळलं की तो तिचा नवरा होता.

खेळ मी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी ठेवला. शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला. रॉकेलचा धूर आणि घोंगड्यांचा वास यांनी खोली अशी कोंदली की मला घाम पुसायला दुसरा पंचा लागला. पण माणसं मावेनात इतकी आली.

पहिल्या रांगेत खुर्चीवर गावच्या मालगुजारीणबाई होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. सरकारनं त्यांची मालगुजारी काढून घेतली होती, पण गावानं काही ती काढून घेतली नव्हती. अजून भांडणं त्यांच्याच अंगणात मिटायची. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. आवाज खणखणीत, आणि मनात आलेला शब्द तोंडापर्यंत यायला मध्ये कुठे थांबत नसे. मुलगी एकच. तिला त्यांनी सासरी पाठवलं नव्हतं, यवतमाळकडून जावईच घरी आणला होता. ते जावईबापू बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले. चाळिशीचे, गोरे, लठ्ठ आणि स्वभावानं अतिशय गोड. पोस्टमनपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सारे त्यांना जावईबापूच म्हणत. त्यांचं खरं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. दिवसभर ते ओसरीवरच्या बंगईवर बसून झोके घेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पान देत. त्यांची बायको, जिला गाव ताई म्हणे, बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती.

आधी समुद्र किती खोल ते समजावून द्यायचं होतं. मी म्हटलं, आपला तलाव घ्या, त्यावर सूरजागडचा डोंगर ठेवा, त्यावर दुसरा, तिसरा, असे ठेवत जा, तरी वरून पाणी उरेल. एकानं विचारलं की गुरुजींनी समुद्र पाहिला आहे का. मी नागपूरचा, समुद्र काही पाहिला नव्हता, आणि तसं सांगितलं. यावर लोकांनी माना डोलावल्या, कारण त्यांच्यापैकीही कुणी पाहिला नव्हता, आणि आता आमची बोलणी बरोबरीची झाली.

मग प्रश्न येऊ लागले. दिव्याला तेल कोणतं लागतं. पाण्यात तो विझत कसा नाही. आणि सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न, या मासोळीचा रस्सा कसा होतो. तलावावर जाळं टाकणाऱ्यांपैकी एकानं चित्र नीट न्याहाळून सांगितलं की हिच्यात तोंड वजा केलं तर खाण्याजोगं काहीच उरत नाही.

मी पुढे नवऱ्याकडे वळलो. हा नर बोटाच्या पेराएवढा. याला दिवा नाही, धड शिकार करता येत नाही. याच्याजवळ आहे ते फक्त नाक. त्या अफाट अंधारात मादीचा वास घेत तो पोहत राहतो. सापडली तर तिच्या अंगाला चावून धरतो, आणि मग सोडतच नाही. हळूहळू त्याचं तोंड तिच्या कातडीत मिसळून जातं. तिचं रक्त त्याच्या अंगात फिरू लागतं. ती खाईल त्यावर हा जगतो. डोळे लागत नाहीत म्हणून जातात, आतडी लागत नाहीत म्हणून आकसतात. वंश चालवण्यापुरतं जे हवं तेवढंच त्याचं शिल्लक राहतं. शाळेच्या खोलीत, हेडमास्तरांसमोर, हे शेवटचं वाक्य मी जरा घाईनंच उरकलं.

मागे दाराशी जंगलातल्या एका गावचे म्हातारे गोंड बाबा बसले होते. बाजारात चारोळी विकून झाली म्हणून आत आले होते. त्यांच्यात एक रीत होती. मुलगा आधी मुलीच्या घरी राहून तिच्या बापाच्या शेतात राबतो आणि मग लग्न होतं. अशा मुलाला लमसेना म्हणत. बाबांना हा मासा ओळखीचा वाटला असावा. त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, “गुरुजी, हा लमसेना काम काय करते?”

मी म्हटलं, काहीच नाही.

बाबा कोड्यात पडले. “मंग त्याले ठेवते काऊन?”

बाई मान न वळवता म्हणाल्या, “ठेवा लागते बावा. आमी नाई ठेवला?”

खोली फुटली. इतकं हसणं मी त्या शाळेत आधी किंवा नंतर ऐकलं नाही. हेडमास्तरांनी तोंडाला रुमाल लावला. बायकांची सतरंजी नुसती हलत होती. एकटी ताई हसत नव्हती, आणि जावईबापू हसत नव्हते. ते उठले. खुर्चीतून सुटायला त्यांना जरा वेळ लागला. दाराकडे जाताना ते नेमके लँटर्नच्या पुढून गेले आणि त्यांची मोठी सावली धोतरावर पडली. सावली मासोळीच्या उघड्या तोंडापाशी आली, आत गेली आणि नाहीशी झाली. त्यावर लोक पुन्हा हसले. डासांबद्दलचे दोन शब्द मी बोललो, पण ते कुणी ऐकले असं मला वाटत नाही.

दिवस मावळायच्या आत जावईबापू माझ्या दारात उभे. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पानाचा डबा.

“गुरुजी, दोन दिवस राहू द्या,” ते म्हणाले. “मंग मी आपल्या पायावर उभा होतो.”

मी नाही कसं म्हणणार? माझं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे लहानशी पडवी आणि थोडं अंगण. मी ब्रह्मचारी, सकाळी एकदा भात-वरण टाकायचो आणि तेच दोन्ही वेळा खायचो. जावईबापूंनी पहिल्याच सकाळी ते सगळं एका बैठकीत संपवलं आणि वरून मनापासून कौतुक केलं की एवढं साधं जेवण त्यांना कधी मिळालंच नव्हतं. माझ्या खाटेवर ते झोपू लागले, कारण खाली झोपलं की त्यांना उठता येत नसे. चूल पेटवून देतो म्हणून त्यांनी एकदा हट्ट धरला, तेव्हा धुरानं आम्ही दोघंही अंगणात येऊन बसलो आणि शेजारणीनं येऊन चूल पेटवून दिली. दोन दिवस झाले, चार झाले. शाळेत जाताना मला वाटायचं, ज्या माशासारखे आपण नाही हे दाखवायला हा माणूस घर सोडून आला, नेमका त्याच माशासारखा तो आता माझ्या पोटाखाली येऊन चिकटला आहे. पण हे त्यांना बोलून दाखवण्याइतका मी कठोर नव्हतो, आणि त्यांच्या गप्पा मला आवडायला लागल्या होत्या.

पायावर उभं राहायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली त्यांनी चहाचं दुकान मांडलं. माझी किटली, माझे कप, शेजारणीचं दूध. येणारे सगळे बाईंच्या शेतावरचे नाहीतर जुन्या कुळांपैकी. जावईबापू उभे आणि आपण बसायचं हे त्यांना जमेना, म्हणून सगळे उभेच राहिले. जावईबापू म्हणाले, बसा. ते म्हणाले, तुम्ही आधी बसा. शेवटी जावईबापू बसले. मग चहा करायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांच्यातल्याच एकानं चहा केला आणि पहिला कप जावईबापूंना दिला. नंतर कित्येकजण घरून पुरीभाजी घेऊन आले. बाजार उठला तेव्हा ते तृप्त होऊन घरी आले आणि मला म्हणाले की धंदा चांगला आहे, पण त्यात फार खावं लागतं.

दुपारी शाळा सुटली की ते मला त्या माशाबद्दल विचारत बसत. राग त्यांना माझ्यावर नव्हता, बाईंवरही फारसा नव्हता. होता तो त्या माशावर. एकदा त्यांनी पेटीतल्या सगळ्या काचा एकेक करून उजेडाला धरून पाहिल्या. पोटावर दिव्यांची रांग असलेला मासा, सुईसारख्या दातांचा मासा, पिशवीसारख्या जबड्याची लांबलचक वाम. प्रत्येकाचा नर काय करतो ते मला सांगावं लागलं. बहुतेकांबद्दल पुस्तिकेत काहीच नव्हतं.

“एवढ्या मोठ्या समुद्रात एक मर्द मासा नाई काय, गुरुजी?” त्यांनी निराश होऊन विचारलं.

मी म्हटलं, त्या नराला तुम्ही नावं का ठेवता? त्या अंधारात तो किती दूर पोहून येतो याचा विचार करा. डोंगरावर डोंगर ठेवलेल्या पाण्यात, बोटाच्या पेराएवढा जीव, आणि ती कुठे आहे ते ठाऊक नाही. बहुतेक नर तिला न भेटताच मरून जातात. ज्याला ती सापडली त्यानं धरून ठेवू नये तर काय करावं? एकदा सोडली की ती पुन्हा भेटायची नाही.

जावईबापू बराच वेळ पान लावत राहिले. मग म्हणाले, “मी बी परत जाणार होतो. लगन झालं त्याच साली. ट्रंक भरली होती. माह्या भावानं गाडी पाठवली होती.”

मग का नाही गेलात, असं मी विचारलं.

“ते रडली नाई काही नाई,” ते म्हणाले. “निस्ती दारात उभी राह्यली. मंग मी ट्रंक ठेवून देल्ली.” आणि पान तोंडात टाकून त्यांनी विषय मिटवला. यवतमाळच्या पानांची आणि चांद्याच्या पानांची तुलना सुरू झाली.

जवळजवळ पंधरवडा झाल्यावर एका सकाळी ताई आली. डोक्यावर वळकटी, मागे गड्याच्या डोक्यावर तांदळाचं पोतं. माझ्याशी ती तोवर कधी बोलली नव्हती. पडवीत वळकटी ठेवून तिनं विचारलं, चूल कुठी आहे. मी दाखवली. त्या दिवशी मला त्या घरात पहिल्यांदा खरं जेवण मिळालं. नवऱ्याला ती चल म्हणाली नाही आणि त्यानं तू का आलीस म्हणून विचारलं नाही. दोघं जणू वर्षानुवर्षं माझ्याकडेच राहत असल्यासारखी राहू लागली. मी माझं अंथरूण पडवीत नेलं.

आता बाई घरात एकट्या उरल्या. त्यांनी सारं आयुष्य मुलीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि मग त्याही आल्या, बैलांच्या दमणीतून, पितळी भांडी, लोणच्याची बरणी आणि दुभती गाय घेऊन. मला म्हणाल्या की त्या जावयाला भेटायला आलेल्या नाहीत, लेकीला भेटायला आल्या आहेत आणि संध्याकाळी परत जातील. कोणत्या संध्याकाळी ते त्यांनी सांगितलं नाही. जावयाशी त्या बोलत नव्हत्या. दोन खोल्यांत न बोलता राहायचं म्हणजे मधे माणूस लागतो, आणि तो माणूस मी होतो. गुरुजी, त्याइले सांगा, ताक घ्या. गुरुजी, मामीजीले सांगा, घेतलं. जावईबापू सासूला मामीजी म्हणत.

बाई जिथे, तिथे गाव. सकाळपासून माझ्या अंगणात लोक जमू लागले. कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, कुणाच्या लग्नाचं ठरत नाही, सगळं माझ्या पडवीत सुटू लागलं. मी दात घासत असताना दोन भाऊबंद बांधावरून भांडत माझीही साक्ष काढत. शेवटी मी माझी सतरंजी शाळेच्या सायन्सच्या खोलीत नेली आणि दोन बाकं जोडून झोपू लागलो. एका बाजूला सांगाड्याचा तक्ता, दुसऱ्या बाजूला माशांची पेटी. हेडमास्तरांना ही बातमी कळली तेव्हा ते काळजीत पडले. मास्तरानं शाळेत राहावं की नाही याबद्दल नियम काय आहे ते त्यांना आठवेना, आणि वर विचारलं तर लँटर्नपासून सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांनी मला एक उशी आणून दिली.

मधल्या सुट्टीत एकदा मी खोलीत एकटाच बसलो होतो. बाई आल्या. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, ती मासोळी पुन्हा दाखवा. लँटर्न पेटवायची गरज नव्हती. मी काच काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून बघू लागल्या.

“तो बारकुसा कुठी आहे?”

मी बोटानं दाखवला. त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, त्याला ओढून सोडवलं तर काय होईल. मी सांगितलं, तो मरेल. आणि मासोळीलाही जखम होईल, कारण आता दोघांचं कातडं एकच आहे.

बाईंनी काच परत दिली. पदरानं हात पुसले.

“तिले एवढं मोठं तोंड आहे,” त्या म्हणाल्या, “पण बोलता येत नाई. सुखी आहे.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. मला राहवेना. पुढचा तास कुणाचा आहे ते न पाहता मी त्यांच्या मागे गेलो. अंगणात नेहमीसारखी दहाबारा माणसं बसलेली होती. जावईबापू पडवीत सुपारी कातरत होते. बाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी मला मधे घातलं नाही.

“जावईबापू, इथी पाणी दुरून आणा लागते. गुरुजी शाळेत बाकावर झोपून राह्यले. चला घरी.”

जावईबापूंनी अडकित्ता खाली ठेवला. “मामीजी, तुमी मले लोकाइसमोर बोलल्या.”

“मंग लोकाइसमोरच बोलावून राह्यली ना,” बाई म्हणाल्या.

अंगणातली माणसं जमिनीकडे बघत होती. कुणी हसलं नाही. जावईबापूंनी मान खाली घातली, मग वर केली आणि मला विचारलं, “गुरुजी, माही ट्रंक कुठी आहे?” ट्रंक दारातच होती. ताईनं ती भरून, बांधून तयार ठेवली होती. ती कधी भरली ते मला कळलं नाही.

सगळे गेल्यावर मी घरात आलो. खाट रिकामी, चूल सारवलेली, कोपऱ्यात लोणच्याची बरणी माझ्यासाठी ठेवलेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी एकट्यापुरता भात टाकला आणि तो दोन्ही वेळा पुरला, आणि त्याचा मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो, जेवणाच्या वेळेला, आणि त्यांनी न विचारता पाट मांडला. नंतर तो पाट बरेच दिवस माझाच होता.

घरी परतल्यावर जावईबापूंनी बंगईवर बसायचं नाकारलं आणि काम मागितलं. बाईंनी त्यांना तलाव दिला. पावसाळ्यानंतर धानाला पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी ते ठरवायचं, हे काम गावात सगळ्यांत भांडणाचं. जावईबापू छत्री आणि पानाचा डबा घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसू लागले. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. जो येईल त्याला ते पान देत आणि पाणीही देत. दसऱ्याच्या सुमारास तलाव अर्धा झाला आणि म्हातारे लोक काळजीत पडले. पण त्या साली परतीचा पाऊस चांगला लागला आणि कुणाचंच धान वाळलं नाही. एवढी वर्षं भांडणं झाली ती उगाचच, असं जावईबापूंचं ठाम मत झालं. पुढच्या साली बाईंनी त्यांच्या जोडीला एक कडक माणूस दिला.

दोन वर्षांनी माझी बदली वरोऱ्याला झाली. निघायच्या दिवशी ती तिघंही सडकेवर आली होती. बाईंनी तांदळाची पिशवी आणि वडगावच्या नातेवाइकांकडे वाटेत थांबण्याबद्दल बऱ्याच सूचना दिल्या. ट्रक आला. जावईबापू माझी पेटी चढवायला पुढे झाले आणि ड्रायव्हरला दोरी कशी बांधायची ते शिकवू लागले.

ताई माझ्याजवळ उभी होती. मासोळीच्या गोष्टीबद्दल तिनं त्या दोन वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. आता ती हळूच म्हणाली, “गुरुजी, एक विचारू का? तो आंगाले लागून आहे, हे त्या मासोळीले समजते का?”

पुस्तिकेत तसं काही नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

“समजत असन,” ताई म्हणाली.

तेवढ्यात ट्रकच्या मागून जावईबापूंनी हाक मारली की दोरी कमी पडते आहे, आणि ती पदर खोचून दोरी शोधायला गेली.